कोंबड्या पाळायच्यात? आधी शेजारी जाऊन या

मुंबई-पुण्याचं बिऱ्हाड आवरून गावच्या घरी कायमचं राहायला आलेला माणूस बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात ठरवतो, की चार कोंबड्या पाळायच्या. मग मोबाइलवर व्हिडिओ बघणं सुरू होतं, तालुक्याहून जाळीचा पिंजरा येतो, पाठोपाठ पंचवीस पिल्लांचं खोकं येतं. कोंबड्या जगवण्याची माहिती अशी कुठूनही मिळते. वाडीत अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. आपली कोंबडी दिवसाचा निम्मा वेळ शेजाऱ्याच्या जागेत असते, हे कुणी आधी सांगत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वाडीत अंगणात आणि परसात पाच-दहा गावठी कोंबड्या ठेवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी हे लिहिते आहे. शेडमधल्या हजार पक्ष्यांचं गणित वेगळं, ते इथे मिळणार नाही.

पहिली पायरी: चार घरी जाऊन बसा

पक्षी आणण्याआधी, खुराड्याचा पहिला चिरा लावण्याआधी, आजूबाजूच्या चार घरी संध्याकाळी चहाच्या वेळेला जा. "कोंबड्या ठेवाव्यात म्हणतोय काकी, तुमची काही अडचण नाही ना?" एवढं विचारा. काकी "छे, अडचण कसली" असंच म्हणणार. ते उत्तर धरू नका. खरं उत्तर पुढच्या गप्पांत येतं: गेल्या वर्षी खालच्या घरातल्या कोंबड्यांनी वालीचा वाफा कसा उकरून टाकला, कुणाच्या कोंबड्याने वाळत घातलेल्या सुकटीत कसा धुमाकूळ घातला. ते नीट ऐका. त्या गोष्टी खालच्या घराच्या असल्या तरी सांगितल्या तुम्हाला जातायत.

बसल्या बसल्या नजरही फिरवा. मिरची-वांग्याची रोपं कुणाच्या गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, आहेत? मे महिन्यात आमसुलं, कोकमं, मासळी कुणाच्या खळ्यात वाळते? कुणाचा कुत्रा मोकळा असतो? कुणाच्या घरी माळकरी माणसं आहेत? त्यांच्या दारात पिसं उडून जाता कामा नयेत. कुणाकडे म्हातारं आजारी माणूस आहे, ज्याला पहाटे चारचं आरवणं सोसणार नाही? आणि कुणाकडे चांगला कोंबडा आहे? असेल तर तुम्हाला कोंबडा आणायची घाईच नाही. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो, आणि त्यासाठी गडग्यापलीकडचा चालतो.

मृगाच्या आसपास भाताचा तरवा, म्हणजे लावणीच्या रोपांचा वाफा, पेरतात. पेरल्यापासून रोपं हाताच्या बोटाएवढी होईपर्यंतचे आठ-दहा दिवस कोंबड्यांवरून जेवढी भांडणं होतात, तेवढी उरलेल्या वर्षात होत नाहीत. कोंबडी बी टिपतेच, शिवाय मोड आलेलं उकरते, आणि लावणीला रोप कमी पडलं की ते कुणाच्या कोंबड्यांमुळे हे गाव विसरत नाही. तेव्हा कुणी बोलायच्या आधी आपणच सांगून टाका, "तरव्याचे दिवस आमच्या कोंबड्या बंद राहतील." आणि खरंच बंद ठेवा.

तसाच दुसरा काळ आंब्याच्या फवारणीचा. डिसेंबरपासून मोहोरावर औषध मारलं जातं, आणि झाडाखाली मरून पडलेले किडे कोंबडीला आयते मिळतात. बाग ज्यांची आहे त्यांना फवारणीचा दिवस आदल्या संध्याकाळी विचारून ठेवायचा. चांगला शेजारी आपणहून हाक मारतो, "उद्या औषध मारतोय गो, कोंबड्या सोडू नको." ती हाक यावी असं वाटत असेल तर पायरी पहिली चुकवू नका.

घरातही एकदा बसून बोला. सकाळी उघडणार कोण, तिन्हीसांजेला बंद करणार कोण? तिन्हीसांज रोज येते, लग्नाच्या दिवशीसुद्धा. "बघू, कुणीतरी करेल" हे उत्तर आलं तर अजून वर्षभर थांबा आणि शेजारच्या घरची अंडी विकत घ्या.

दुसरी पायरी: पक्षी कुठून आणि किती

नवख्याने एक दिवसाची पिल्लं आणू नयेत. त्यांना तीन-चार आठवडे दिव्याची ऊब लागते, वीज गेली की जीव टांगणीला, आणि कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यापेक्षा वाडीतूनच तीन-चार तलंगा घ्या, म्हणजे अंड्यावर यायला आलेल्या पाच-सहा महिन्यांच्या कोंबड्या, आणि सोबत एक जुनीजाणती कोंबडी. ही जुनी कोंबडी फार कामाची. घारीची सावली पडली की कुठे पळायचं, पाऊस आला की कुठे उभं राहायचं, संध्याकाळी कुठे चढून बसायचं, हे सगळं ती तलंगांना दाखवते. तुम्ही दाखवू शकत नाही.

घेताना पक्षी हातात उचला. डोळे टवटवीत हवेत, तुरा लालबुंद, नाकाला पाणी नको, बुडाची पिसं स्वच्छ हवीत. पंखाखालची पिसं बाजूला करून उवा दिसतात का बघा. पायावरचे खवले उचललेले, खडबडीत असतील तर तिथे किडे आहेत. आठवडे बाजारातून आणणार असाल तर एका डालग्यात दहा गावचे पक्षी एकत्र कोंबलेले असतात हे लक्षात ठेवा. तिथून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवायची, खाणं-पाणी वेगळं. शेजाऱ्याच्या कोंबड्यांतही मिसळू द्यायची नाही.

सुधारित जातींचा मोह होईल. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केल्या, गिरिराज बेंगळुरूची. पशुसंवर्धन विभागाची अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. कोकणाला कोल्हापूर त्यातल्या त्यात जवळ. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, सुधारित त्याच्या दुप्पटीच्या आसपास जाते. तरी मोकळं सोडून पाळायला मी गावठीच सांगेन. सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे पिल्लं काढत नाही. अंगाने जड, त्यामुळे कुत्रा आला तर फणसावर उडून बसणं तिला जमत नाही. आणि तिला आयतं खाद्य लागतं. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हौस म्हणून एखादा ठेवा. पण कडकनाथाच्या नावावर कुणी "पैसे गुंतवा, आम्ही परत विकत घेऊ" म्हणत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

किती? पाचाने सुरुवात करा. पाच कोंबड्यांची तक्रार शेजारी हसत करतो, पंधरांची हसत करत नाही.

तिसरी पायरी: खुराडं

खुराडं चिऱ्याचं असो की लाकूड-जाळीचं, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या. पाच-सात कोंबड्यांना रात्रीपुरतं चार फूट बाय तीन फूट पुरतं. मागच्या दाराजवळ बांधा, म्हणजे रात्री कलकलाट झाला तर तुम्हाला ऐकू येईल. पण शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून लांब.

आपल्याकडे खुराड्याचा शत्रू एक नाही. दिवसा मुंगूस, रात्री कांडेचोर (उदमांजर) आणि रानमांजर, खालून उकरणारी घूस, अंड्यांच्या वासाने येणारा नाग. बाजारात मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंची चौकोनी जाळी, जोड दिलेली, तीच लावा. दाराला नुसती कडी पुरत नाही, कांडेचोर तिच्याशी खेळत बसतो. कडीत खिट्टी अडकवा. सगळ्या फटी अंगठ्याने तपासा. अंगठा आत गेला तर ती फट बुजवायची. खुराड्यात साप दिसला तर काठी घेऊन धावू नका, सर्पमित्राला बोलवा. वाडीत कुणाकडे तरी त्याचा नंबर असतोच.

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथे कोंबडी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. छप्पर पुढे दीड फूट तरी आलेलं हवं, पाऊस तिरपा येतो. मृगाच्या आत पश्चिमेच्या बाजूला झावळांचे झाप बांधा. पण सगळीकडून गच्च बंद करू नका. वर, छपराखाली, वितीएवढी जागा जाळी मारून उघडी ठेवा. सकाळी दार उघडल्यावर विष्ठेच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले तर समजा की रात्रभर कोंबड्याही त्यातच बसल्या होत्या. तळाला दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा, वर चुलीची राख भुरभुरा, ओलं झालं की उपसा. बसायला मनगटाएवढी जाड गोल काठी आडवी घाला.

उपसलेलं खत ताजं झाडाला घालू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने पालापाचोळ्याबरोबर कुजू द्या आणि मग माडाला, केळीला घाला. त्यातलं एक घमेलं न मागता शेजारी पोचवा, ज्यांच्या मिरच्या तुमच्या कोंबड्या उकरतात त्यांच्याकडे आधी.

चौथी पायरी: त्यांना घर कळू द्या

आणल्या आणल्या कोंबड्या सोडल्या तर त्या संध्याकाळी आपल्या जुन्या घरी जातात. त्यात त्यांचा दोष नाही. पहिले चार-पाच दिवस खुराड्यातच ठेवा, दाणा-पाणी आत. मग एका संध्याकाळी, काळोख पडायच्या तासभर आधी सोडा. फार लांब जायला वेळच उरत नाही, आणि अंधारलं की जिथे झोपलो तिथेच परत. पुढच्या दिवशी थोडं आधी, असं करत करत आठवड्याभरात सकाळपासून.

दाणा टाकताना एकच हाक ठरवा. कुणी "या या या" म्हणतं, कुणी "तीतीती", कुणी जिभेने टकटक आवाज काढतं. वाडीत प्रत्येक घराची हाक वेगळी असते आणि कोंबड्या आपापली हाक ओळखतात. घरातल्या सगळ्यांनी तीच हाक मारायची, पोरांनीही. आणि पायात रंगीत चिंधी सैल बांधा. तांबड्या कोंबड्या सगळ्या सारख्याच दिसतात, "ती आमचीच" हा वाद चिंधीने मिटतो. शेजारी कुठल्या रंगाची बांधतात ते आधी बघा.

रोजचं काम

सकाळी खुराडं उघडण्याआधीचं एक काम जुन्या बायका न चुकता करत, आणि नवख्याला कुणी ते दाखवत नाही. प्रत्येक कोंबडी काखेत धरून ती आज अंड्याला आहे का हे चाचपायचं. डाव्या हाताने पंख अंगाशी दाबून कोंबडी अलगद उचला, तोंड मागे, बूड आपल्यासमोर. बुडाच्या खाली दोन बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ती हाडं एकमेकांपासून दोन-तीन बोटं लांब असतात, न घालणारीची जवळजवळ चिकटलेली. त्या हाडांमधून पोटाकडे बोटांच्या पेरांनी हलकेच दाबलं की आज घालायचं अंडं कडक, गोल असं हाताला लागतं. दाबायचं म्हणजे नुसतं टेकवायचं, अंडं आत फुटलं तर कोंबडी जाते. जिच्या पोटात अंडं लागलं तिला डालग्याखाली किंवा खुराड्यातच ठेवायचं. अंडं घालून ओरडली, की सोडायची. बाकीच्या मोकळ्या. हे केलं नाही तर तुमची अंडी शेजारच्या गवताच्या उडवीत मिळतील.

मिळालीच, तर काय करायचं याचीही रीत आहे. ज्याला सापडली तो आणून देतो, आपण त्यातली दोन त्याच्या हातावर ठेवतो, तो "अगो कशाला" म्हणतो आणि घेतो. "आमची अजून असतील" म्हणून दुसऱ्याच्या उडवीत आपण हात घालायचा नाही. लपलेल्या घरट्यातली अंडी पाण्यात टाकून बघा: तळाला आडवी राहिली तर ताजी, उभी राहिली तर जुनी, तरंगली तर माडाच्या मुळाशी. अंडी साठवायची असतील तर धुऊ नका, फक्त पुसा. धुतल्याने वरचा नैसर्गिक थर जातो आणि लवकर खराब होतात.

घालायच्या जागी टोपलीत पेंढा ठेवा आणि एक अंडं कायम राहू द्या, म्हणजे कोंबडी जागा बदलत नाही. ते अंडं दोन-चार दिवसांनी बदलत चला, खूण म्हणून पेन्सिलीने रेघ मारा.

खाण्याचं फार अवघड नाही. मोकळी कोंबडी किडा-मुंगी, गवत, सांडलेलं भात यावर बरंचसं भागवते. सकाळी मूठभर आणि संध्याकाळी खुराड्यात शिरताना मूठभर कणी, तांदळाचा कोंडा, उरलेला भात पुरतो. दाण्याचा मोठा वाटा संध्याकाळचा ठेवा, म्हणजे परत येण्याची ओढ राहते. पेरायला आणलेलं औषध लावलेलं रंगीत बियाणं मात्र त्यांच्या चोचीला लागता कामा नये. सुक्या मासळीचा चुरा त्यांना फार आवडतो, पण रोज घातला तर अंड्यालाच मासळीचा वास येतो. चुन्यासाठी विकतचं काही आणू नका. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या फेकायच्या नाहीत. चुलीच्या निखाऱ्यांवर भाजा, पाट्यावर जाडसर कुटा आणि एका करवंटीत भरून ठेवा. ज्या कोंबडीला लागेल ती येऊन टिपते. अंड्यांची टरफलं घालायची तर अगदी बारीक करून घाला, ओळखू आली तर अंडी फोडून खायची खोड लागते. पाणी दोन वेळा ताजं. एका कोपऱ्यात, पाऊस लागणार नाही असं, माती आणि राखेचं आळं करून द्या. त्यात त्या लोळतात, आणि निम्म्या उवा तिथेच जातात.

खुडूक

बारा-पंधरा अंडी घातली की गावठी कोंबडी खुडूक होते. घरट्यातून उठत नाही, हात नेला तर पिसं फुलवून चोच मारते, आवाज बदलतो. पिल्लं हवी असतील तर हीच वेळ. नको असतील तर तिला हवेशीर जागी डालग्याखाली, पेंढा न घालता, तीन-चार दिवस ठेवा, दाणा-पाणी द्या, ती उतरते. नाकपुडीतून पीस ओवणं, पाण्यात बुचकळणं असले जुने उपाय कुणी सांगितले तर ऐकून घ्या आणि करू नका.

रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची तर टोपलीत तळाला थोडी राख-माती, वर पेंढा, आणि त्यावर दहा ते बारा अंडी. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, ना फार टोकदार ना लांबोडकी, आणि कोंबडा फिरत असलेल्या कळपातली. आपल्याकडे कमी पडली तर शेजाऱ्यांकडून घ्या, आणि आपल्याकडे अंडी आहेत पण खुडूक कोंबडी नाही तर त्यांच्या कोंबडीखाली बसवा. पिल्लं अर्धेलीने, निम्मी त्यांची, निम्मी आपली. हा करार कागदावर कुणी करत नाही, पण कुठली पिल्लं कुणाची हे ती किती आठवड्यांची झाल्यावर ठरवायचं, ते आधीच बोलून घ्या. पहिल्या महिन्यात मेली तर कुणाची मेली, यावरून कटकटी होतात.

अंडी बसवताना रात्रीची वेळ बरी. टोपलीत लोखंडाचा तुकडा आणि कोळसा ठेवायची रीत आहे, मेघगर्जनेने अंडी नासू नयेत म्हणून. त्याने पिल्लं वाढत नाहीत की कमी होत नाहीत, पण शेजारची आजी कोळसा घेऊन आली तर ठेवू द्या. सातव्या रात्री काळोखात मोबाइलच्या उजेडावर अंडं धरा. आत कोळ्यासारखा ठिपका आणि त्याच्यापासून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. स्वच्छ, पारदर्शक दिसलं तर काढून घ्या. कोंबडी दिवसातून एकदा उठते, खाते, घाण करते, परत बसते. उठत नसेल तर आपण उठवा. एकविसाव्या दिवशी आतून टकटक सुरू होते. अंड्याला भोक पडलं आणि पिल्लू बाहेर येईना, तरी सोलायला जाऊ नका. तासन् तास लागतात, लागू द्या.

पिल्लं बाहेर आल्यावर पहिला दिवसभर त्यांना काही लागत नाही, बलक पोटात असतो. मग बारीक कणी आणि उथळ ताटलीत पाणी, ताटलीत चार खडे टाकून, नाहीतर पिल्लं भिजतात. आठवडाभर आईसकट डालग्याखाली ठेवा. पुढे सोडलीत की घार आणि कावळा. इथे वाडीतली पोरं उपयोगी पडतात. घार दिसली की सगळ्या अंगणांतून एकदम "हाऽऽ" अशी आरोळी उठते, पिल्लं कुणाचीही असोत. तुम्हीही दुसऱ्यांच्या पिल्लांसाठी ओरडायला शिका. पहिल्या खेपेला दहातली चार-पाच मोठी झाली तरी वाईट नाही.

मानमोडी

बाकीच्या आजारांत एखादी कोंबडी जाते, मानमोडीत वाडी रिकामी होते. हीच राणीखेत. कोंबड्या सुस्त बसतात, तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट-पांढरं हगतात, काहींची मान पिळवटते, आणि चार दिवसांत एकामागून एक जातात. औषध नाही, लस आहे.

लशीची गंमत अशी, की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि ती एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांतच वापरावी लागते. तुमच्या पाच कोंबड्यांसाठी बाटली फोडायला कुणी यायचं नाही, आणि आलं तरी उपयोग अर्धाच. शेजारच्या वीस कोंबड्या लशीविना राहिल्या तर वाडीत रोग घुसायला वाट उघडीच. म्हणून हे काम वाडीने मिळून करायचं. एकाने सगळ्या घरांच्या कोंबड्या मोजून आकडा काढायचा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, गावात पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं शिकलेली गावातली बाई) असेल तर तिला सांगायचं, लस बर्फाच्या थर्मासमधून आणायची, आणि कोंबड्या आदल्या रात्रीच डालग्याखाली झाकून ठेवायच्या, नाहीतर सकाळी पकडण्यात लसच फुकट जाते. पिल्लांना पाच-सात दिवसांची असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, दोन-अडीच महिन्यांची झाली की टोचायची लस, मधे देवीची. नेमकं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ते तुमच्याच नव्हे, चारी घरांच्या पडवीत लावा. हा मोजणी-निरोपाचा उद्योग नव्याने आलेल्याने अंगावर घेतला, तर वाडीत ओळख व्हायला दुसरं काही करावं लागत नाही.

रोग आलाच तर लपवू नका. आजारी कोंबडी घाईने बाजारात विकणं किंवा कुणाला "रस्सा करून खा" म्हणून देणं, याच्याइतका वाईट शेजारधर्म दुसरा नाही. मेलेले पक्षी ओढ्यात टाकायचे नाहीत, खोल खड्डा काढून चुना टाकून पुरायचे, हात साबणाने धुवायचे, आणि चारी घरी त्याच दिवशी सांगायचं. एकदम बरेच पक्षी मेले तर दवाखान्यात कळवा. पशुसंवर्धनाचा १९६२ हा नंबर त्यासाठीच आहे. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. ती साथ मोठ्या शेडमधली असली तरी पक्षी मारले गेले ते आजूबाजूच्या परसांतलेही.

खाणं, विकणं, देणं

अंडी आणि कोंबड्यांचा पैसा गावाकडे बहुधा घरातल्या बाईच्या हातात असतो आणि तो तिथेच राहू द्यावा. गावठी अंड्याला शेडच्या अंड्यापेक्षा चांगला भाव मिळतो. आखाडात, गटारीला आणि शिमग्याला कोंबड्याची मागणी चढते, श्रावणात उतरते. विकायचे कोंबडे त्या बेताने वाढवा. राखणीच्या, म्हणजे गावच्या राखणदार देवाला मान द्यायच्या, वेळी शेजारी कोंबडा मागायला येतील. देवाच्या कामाला घासाघीस करत नाहीत, पण फुकटही घेत नाहीत, चालू भाव सांगा आणि दोन-पाच कमी घ्या.

घरात लहान मुलं असतील तर एक सूचना. मुलांनी कोंबड्यांना नावं ठेवायच्या आत मोठ्यांनी ठरवून टाका, कुठल्या खायच्या आणि कुठल्या नाही. नाव पडलेला कोंबडा कापता येत नाही. तो म्हातारा होतो, आणि पाहुणे आले की बाजारातून कोंबडी आणावी लागते.

बाळंतिणीच्या घरी, आजारातून उठलेल्या माणसाकडे सहा अंडी न मागता जातात. त्याची नोंद कुणी ठेवत नाही असं म्हणतात, पण तुमच्या घरी ताप आला की कुळथाचं पिठलं गरम गरम कुठून येतं ते बघा. कोंबडा दोन वर्षांनी बदला, नाहीतर कळपात एकाच रक्ताची पिल्लं येत राहतात. विकत कशाला, दुसऱ्या वाडीतल्या ओळखीच्या घराशी अदलाबदल करा.

बाहेरगावी जाताना

मुंबईला लग्नाला जायचं, चार दिवस. खुराडं सांभाळायला शेजारी सांगताना आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना घरी बोलावून दाखवा: कडी कशी, खिट्टी कुठे, हाक कुठली, कुठली कोंबडी खुडूक आहे तिच्याजवळ जायचं नाही. दाणा चार पुड्यांत बांधून ठेवा, रोज एक. कोंबड्या किती ते मोजून सांगा. त्या चार दिवसांची अंडी त्यांची, हे तिथेच स्पष्ट बोला, आणि परत आल्यावर किती मिळाली ते विचारू नका. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची: "काकी, एखादी मेली-बिली, मुंगसाने नेली, तर मनाला लावून घेऊ नका, नुसता फोन करा." हे सांगितलं नसेल तर बिचाऱ्या काकी आपल्या खुराड्यातली एक तलंग तुमच्यात आणून सोडतात आणि चिंधीचा रंगही जुळवतात.